साडू वगळून

थोरल्यांनी कर्सर तिसऱ्या परवान्यावरून पहिल्यावर नेला, पहिल्यावरून पुन्हा तिसऱ्यावर आणला आणि चहाचा कप न बघताच उचलला. कप रिकामा होता. तरीही तो त्यांनी तोंडाला लावला आणि गंभीर चेहऱ्याने खाली ठेवला.

समोर बायको मटार सोलत बसली होती. जेवणाचं टेबल अर्धं लॅपटॉपने आणि अर्धं शेंगांनी अडवलेलं. मधूनच एखादा दाणा घरंगळत कीबोर्डकडे यायचा आणि थोरले तो बोटाने परत पाठवायचे.

"हा लावला तर तो अडकेल," थोरले म्हणाले.

"कोण?"

"कोण म्हणजे? कोणीही. जनरल बोलतोय."

"जनरल माणसाबद्दल इतके दात-ओठ खाऊन बोलतं का कोणी?"

 थोरल्यांनी स्क्रीनवरची परवान्यांची यादी खाली सरकवली.

सासरी मुली दोन आणि जावई दोन. मोठीचे ते थोरले आणि धाकटीचा तो धाकटा. नाव कोणी घ्यायचंच नाही. दोघेही कॉम्प्युटरच्या धंद्यातले आणि खरं दुखणं तेच होतं. साडू दातांचा डॉक्टर असता, नाहीतर छत्र्यांचा व्यापारी असता, तर थोरल्यांनी त्याच्यावर जीव टाकला असता. निदान प्रयत्न तरी केला असता. पण हा त्यांच्याच धंद्यातला, वयाने लहान आणि वर स्वभावाने चांगला. माणसाने एवढं तरी करू नये.

परवाना लागणार होता तो 'डिकी'ला. डिकीचा जन्मही धाकट्यामुळेच झालेला. एकदा सगळं कुटुंब गाडीने गावाला निघालं होतं. थोरले घामाघूम होऊन गाडीच्या डिकीत सामान कोंबत होते, काढत होते, पुन्हा कोंबत होते. झाकण काही लागेना. तेवढ्यात धाकटा आला, "मी बघू का, दादा?" म्हणाला, मोठी बॅग उभी केली, पिशव्या कडेला सारल्या आणि एका बोटाने झाकण लावलं. सासूबाई म्हणाल्या, "एकेकाच्या हाताला गुण असतो."

थोरले प्रवासभर खिडकीबाहेर बघत राहिले. परत आल्यावर त्यांनी प्रोग्रॅम लिहायला घेतला. सामानाची मापं द्या, टेम्पोचं माप द्या, की कुठली वस्तू कुठे, कशी आणि कितवी ठेवायची ते तो चित्र काढून सांगणार. अशा तुकड्याला त्यांच्या धंद्यात लायब्ररी म्हणतात. स्वतः काही दुकान मांडून बसत नाही, दुसऱ्याच्या प्रोग्रॅमच्या पोटात बसून एकच काम नेमकं करतो. पोटदुखीतून लिहिलेली असूनही डिकी खरंच झकास निघाली. थोरल्यांनी ती सगळ्यांना बघता येईल अशी इंटरनेटवर ठेवली. ती कोणी कोणत्या अटींवर वापरायची ते सांगणारा परवाना लावायचा मात्र राहून गेला.

आणि ते सांगितलं कोणी? धाकट्याने. सासऱ्यांच्या वाढदिवसाला, भर पंगतीत.

"दादा, डिकी अफलातून आहे हो! आमच्या सॉफ्टवेअरमध्ये घ्यावी म्हणतोय. पण तुम्ही परवानाच लावला नाहीये. न विचारता हात कसा लावायचा?"

धाकटा आणि त्याचा पार्टनर घरसामान हलवणाऱ्या लोकांसाठी सॉफ्टवेअर बनवायचे. डिकी म्हणजे त्यांच्यासाठी उजवा हातच. बघा, विचारतो कसा, म्हणून सासूबाईंनी कौतुकाने धाकट्याच्या ताटात वाढलं. थोरल्यांचं ताट रिकामं होतं.

"बघतो," थोरले न्यायाधीशाच्या आवाजात म्हणाले. "विचार करावा लागेल."

तो विचार आता मटारांच्या समोर चालला होता. परवाने ढीगभर होते, पण जाती दोनच. एक जात म्हणत होती, घ्या, बदला, विका, काय वाटेल ते करा, फक्त मूळ लेखकाचं नाव तेवढं राहू द्या. हे थोरल्यांना अजिबात पटलं नाही. धाकटा डिकी घेणार, त्यावर बंगला बांधणार आणि यांचं नाव पायाखाली पुरलेलं असणार.

दुसरी जात कॉपीलेफ्टची. तीही म्हणत होती घ्या, बदला. पण आमचं पोटात घेऊन जे काही बनवाल आणि लोकांना द्याल, ते सगळं तुम्हीही असंच उघडं करा. तुमचा कोड जगाला दाखवा आणि ज्याला पाहिजे त्याला नेऊ द्या. यातही एक परवाना सगळ्यात कडक होता. दुसऱ्याला दिलं नाही, नुसतं आपल्या सर्व्हरवर ठेवून लोकांना वापरू दिलं, तरीही उघडा म्हणणारा. धाकट्याचं सॉफ्टवेअर सर्व्हरवरच चालायचं.

थोरल्यांनी तो परवाना एखादं प्रेमपत्र वाचावं तसा सावकाश वाचला.

त्याआधी त्यांनी स्वतःचा परवाना लिहून पाहिला होता, ही गोष्ट त्यांनी बायकोला सांगितली नव्हती. तो घेऊन ते ऑफिसातल्या वकीलबाईंकडे गेले होते. वकीलबाई चष्मा कपाळावर ठेवून वाचायच्या आणि हसू आलं की चष्मा खाली ओढायच्या.

"'लेखकाच्या सासरकडील नातेवाईक वगळून इतर सर्वांना वापराची मुभा राहील,'" त्यांनी मोठ्याने वाचलं आणि चष्मा खाली ओढला. "हे काय आहे?"

"नमुना आहे. समजा, एखाद्याचा साडू..."

"समजा कशाला? तुमचाच ना?"

"तत्त्वाचा प्रश्न आहे हो."

"मग तत्त्वाचं उत्तर ऐका. उघडं म्हणजे सगळ्यांना उघडं. साडू वगळून असं नसतं. अट घालायची तर अशी घाला, की जी सगळ्यांना सारखीच लागेल."

"सगळ्यांना सारखी," थोरले पुटपुटले, "पण एखाद्याला जरा जास्त झोंबेल अशी."

"तेवढं तुमच्या कलेवर आहे," वकीलबाई म्हणाल्या.

मटार संपायच्या आत कला साधली. थोरल्यांनी कडक परवाना उचलला, प्रत्येक फाइलच्या डोक्यावर त्याची सूचना एका दमात चिकटवली आणि लॅपटॉप असा मिटला की बायकोने मान वर केली.

"झालं का अडकवून?"

"परवाना लावला. समाजाच्या भल्याचा आहे. घेणाऱ्याने द्यायलाही पाहिजे, असा."

"वा! तुम्हाला समाज कधीपासून आवडायला लागला?"

दोनेक दिवस थोरले शीळ घालत फिरले. मग परदेशातल्या कुणा अनोळखी माणसाची चिठ्ठी डिकीच्या पानावर आली. फार उपयोगी लायब्ररी आहे, मनापासून आभार, श्री. इथे लेखकाचं नाव लिहा.

थोरल्यांनी फाइल उघडली. परवान्याच्या नमुन्यात मोकळी जागा सोडलेली असते, तिथे स्वतःचं नाव घालायचं असतं. घाईत ते राहिलं होतं. प्रत्येक फाइलच्या डोक्यावर कायदेशीर भाषेत जाहीर केलं होतं की या कलाकृतीचे सर्व हक्क 'इथे लेखकाचं नाव लिहा' यांच्याकडे राखीव आहेत.

त्यांनी दुरुस्त करायला हात घातला तर दुरुस्ती आधीच येऊन पडलेली. असल्या उघड्या कामात कोणीही दुरुस्ती करून पाठवू शकतं आणि मालकाने बटण दाबलं की ती आत जाते. पाठवणारा धाकटा. प्रत्येक फाइलमध्ये थोरल्यांचं नाव, आडनावासकट, आणि खाली एक ओळ. 'दादा, तुमचं नाव राहिलं होतं. जगाला कळायला हवं.'

नाकारावी तर सगळ्या जगाला दिसणार. थोरल्यांनी डोळे मिटून बटण दाबलं. स्वतःच्या नावाखाली धाकट्याची सही घेऊन ते झोपायला गेले.

मग त्यांनी वाट बघायला सुरुवात केली. धाकट्यापुढे आता दोनच रस्ते होते. डिकी सोडायची, नाहीतर आपलं सगळं उघडं करायचं. कुठलाही धरला तरी रडत यायला हवं होतं. थोरल्यांनी सांत्वनाची दोन-तीन वाक्यंही तयार ठेवली होती. त्यातलं एक तर फारच सुंदर होतं.

धाकट्याने सगळं उघडं केलं.

तेही हसत. त्याच्या सॉफ्टवेअरची ओळ न् ओळ जगासमोर मांडली आणि वर लिहिलं की हे ज्यांच्यामुळे सुचलं त्या दादांचे आभार. लोक तुटून पडले. कुठकुठले सामान हलवणारे ते वापरायला लागले, सुधारायला लागले, धाकट्याला भाषणाला बोलवायला लागले. सासूबाईंचा फोन आला तेव्हा थोरले बूट घालत होते.

"ऐकलंत का? धाकट्यांनी म्हणे आपलं सगळं काम जगाला देऊन टाकलं. केवढं मन!"

"आई, ते मी लावलेल्या परवान्यामुळे द्यावं लागलं त्याला."

"असू दे, असू दे. तुम्हीही काहीतरी केलंत ना? झालं तर मग."

थोरल्यांनी डावा बूट उजव्या पायात घातला आणि तसेच फाटकापर्यंत गेले.

पुढे धाकट्याकडून आणखी एक दुरुस्ती आली. डिकी जागा उत्तम वाचवायची, पण तिला वजन आणि काच यातलं काही कळायचं नाही. कशावर काय ठेवलेलं चालतं आणि कशावर काही म्हणजे काही ठेवायचं नाही, ती अक्कल धाकट्याने तिच्यात घातली होती. काम इतकं स्वच्छ होतं की थोरले ते तीनदा वाचून शेवटी नुसते खुर्चीत मागे रेलले. मग उठून उगाचच फ्रिज उघडून उभे राहिले. मग येऊन बटण दाबलं.

दिवस असेच जळफळाटात गेले असते, पण एक दिवस साहेबांनी बोलावलं. थोरल्यांची कंपनी मोठमोठ्या गोदामांसाठी सॉफ्टवेअर विकायची, कुलूपबंद, आतलं कोणाला दिसू नये असं.

"अरे, ती डिकी तुझी आहे? आमच्या बुडाखाली एवढं रत्न आणि आम्हाला दुसऱ्याकडून कळतं?" साहेब म्हणाले. "आपल्या नव्या सॉफ्टवेअरमध्ये घालू. समारंभ आहे, सगळे ग्राहक येतील. पडद्यावर तुझं नाव. मोठ्या अक्षरात. डिकीचे जनक!"

थोरल्यांना पडदा दिसला. पहिल्या रांगेत सासूबाई दिसल्या, पदराने डोळे टिपताना. धाकट्यासाठी त्यांनी खांबाच्या मागची खुर्ची नक्की केली. खांब चांगला जाड होता.

परवान्याची अडचण वकीलबाईंनी सोडवली. मालकाला स्वतःचा परवाना बांधत नाही. थोरल्यांनी कंपनीला वेगळा परवाना द्यावा, कोड झाकून ठेवायची मुभा असलेला. एका सहीचं काम.

"फक्त सगळं तुमचंच आहे ना?" वकीलबाईंनी विचारलं.

"म्हणजे काय? अर्थात!"

"दुसऱ्या कोणाची एकही ओळ आत घेतली नाही?"

थोरल्यांनी खाकरून घसा साफ केला. तो आधीच साफ होता.

"साडू?" वकीलबाई म्हणाल्या आणि चष्मा खाली ओढला. "ज्याने ओळ लिहिली तो तिचा मालक. त्याने ती तुमच्या कडक परवान्याखाली दिली. म्हणजे आता डिकी तुमच्या एकट्याची राहिली नाही. दोघांच्या सह्या लागतील."

"त्याच्या ओळी काढून टाकल्या तर? नाव घातलेल्या सोडा, ते काय मी पुन्हा टाइप करीन. त्या काचवाल्या?"

"साडू वगळून चालत असेल तर वगळून दाखवा."

थोरल्यांनी वगळलं. साहेब नेमके घर बदलत होते, म्हणून त्यांनी स्वतःच्याच घरातल्या सामानाची यादी चाचणीला दिली. दुपारी सगळे पडद्यासमोर जमले. डिकीने टेम्पोचं सुरेख चित्र काढलं. कुठे बोटभर जागा वाया नाही. साहेब जवळ गेले, चष्मा पुसला आणि पुन्हा बघितलं.

"ही माझी माशांची टाकी आहे," ते म्हणाले.

"हो, साहेब."

"तिच्यावर हे काय ठेवलंय?"

"शिलाई मशीन, साहेब. आणि मशीनवर कपाट. पण बघा, जागा किती..."

"आणि हा आडवा, पायदानासारखा?"

"तो आरसा, साहेब."

"आमच्या आईचा आरसा," साहेब म्हणाले.

थोरल्यांनी ती अक्कल स्वतः लिहायला घेतली. एकदा लिहिली, पुसली. दुसऱ्या बाजूने सुरुवात केली, फिरून तिथेच आले. धाकट्याचं इतक्या वेळा वाचलं होतं की हाताला दुसरं काही सुचेचना. वकीलबाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि चष्मा खाली ओढला. ते पुरे होतं.

समारंभ जवळ येत चालला. शेवटी थोरल्यांनी संमतीचा कागद छापून घेतला, घडी करून खिशात ठेवला आणि धाकट्याकडे निघाले. रस्त्यात त्यांनी बोलायचा सराव केला. 'हे बघ, एक छोटीशी औपचारिकता आहे.' हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा म्हटलं की शेजारून चाललेल्या एका बाईंनी वळून "काय?" म्हणून विचारलं.

धाकट्याच्या कामाच्या खोलीत दोन टेबलं होती. एकावर तो बसला होता. दुसरं रिकामं होतं, आणि त्यावरच्या धुळीत स्क्रीनच्या पायाचा चौकोन तेवढा स्वच्छ उरला होता.

"दादा! तुम्ही? इकडे?" धाकटा खुर्ची मागे ढकलून उठला. "बसा, बसा. चहा टाकतो."

"चहा राहू दे. हे बघ, एक छोटीशी औपचारिकता आहे."

त्यांनी कागद पुढे केला. धाकट्याने उभ्यानेच वाचला. मग बसून पुन्हा वाचला. त्याच्या चेहऱ्यावर कायम असायचं ते हसू हळूहळू उतरलं. आपल्याला हे बघायला आवडेल असं थोरल्यांना इतके दिवस वाटत होतं.

"झाकून ठेवायचं?" धाकटा म्हणाला. "डिकी?"

"फक्त ऑफिसपुरतं. बाहेर उघडी आहे तशी राहीलच की."

"हो, राहील." धाकट्याने कागद टेबलावर सरळ केला. "नाही, मला वाटलं... जाऊ दे. तुमचं काही कारण असेल."

"काय वाटलं?"

"तुम्ही तो परवाना लावलात ना, दादा, तेव्हा मी अक्षरशः थक्क झालो. म्हटलं, यांना काय पडलं होतं? सोपा लावला असता तर मोठमोठ्या कंपन्यांनी डिकी उचलली असती, नाव झालं असतं. पण नाही. घेणाऱ्याने द्यायलाही पाहिजे, म्हणजे पाहिजे." त्याने रिकाम्या टेबलाकडे बघितलं. "पार्टनर म्हणाला, डिकी सोड, दुसरं काहीतरी शोधू. तुझ्या साडूने डूख धरून मुद्दाम लावलाय हा परवाना, त्याला तू बघवत नाहीस. मी केवढा भांडलो त्याच्याशी. म्हटलं, दादांना तू ओळखत नाहीस. तर गेला तो सोडून."

थोरले खुर्चीच्या हातावरचा सुटलेला धागा ओढत होते. तो ओढेल तेवढा येत होता.

"लोक म्हणतात तू काय मन दाखवलंस," धाकटा म्हणाला. "कसलं मन! रडकुंडीला आलो होतो. तुमच्याकडे बघून केलं. तुम्हाला ते सहज जमतं, मला जमवावं लागतं. खरं सांगू, दादा? मला तुमचा हेवा वाटतो."

पंखा फिरत होता. थोरल्यांचा हात धाग्यावरच थांबला.

"काय म्हणालास? पंख्याचा फार आवाज आहे."

"म्हटलं, मला तुमचा हेवा वाटतो."

"माझा?"

"तुमचाच."

थोरल्यांनी पाठ हळूच खुर्चीला टेकवली. आयुष्यात इतकी आरामशीर खुर्ची त्यांना मिळाली नव्हती. धाकट्याने खणातून पेन काढलं, टोपण उघडलं आणि कागदावर सहीची जागा शोधायला लागला.

"कुठे करू? इथे? आणि तारीख?"

पेन कागदाला टेकायच्या आत थोरल्यांचा हात मध्ये आला. पेनाची रेघ त्यांच्या मनगटावर उमटली.

"नाही करायची," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"बघत होतो." थोरल्यांनी कागद ओढून घेतला, त्याची घडी घातली, घडीची घडी घातली. "तू करतोस का ते. असा कागद घेऊन कोणीही आलं तरी सही करायची नाही. मी आलो तरी नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व!"

धाकट्याने पेन खाली ठेवलं. त्याचे डोळे चमकले.

"दादा, तुम्ही म्हणजे..."

"चहा टाक आता," थोरले म्हणाले. "साखर जरा जास्त."

रस्त्यावर आल्यावर त्यांनी साहेबांना फोन लावला.

"नाही म्हणाला का तो?" साहेबांनी विचारलं. "मी बोलू का त्याच्याशी?"

"तो हो म्हणत होता, साहेब. मी नाही म्हणालो."

पलीकडे खुर्ची सरकवल्याचा आवाज आला.

"तू स्वतःलाच नाही म्हणालास?"

"घ्यायची असेल तर आपलं सॉफ्टवेअरही उघडं करावं लागेल. घेणाऱ्याने द्यायलाही पाहिजे, साहेब."

"तब्येत बरी आहे ना तुझी?" साहेब म्हणाले. मग सुस्कारा सोडला. "ठीक आहे. पडद्यावरचं नाव काढायला सांगतो. ते सजावटवाले कधीचे विचारतायत, तिथे फुलांचं चित्र टाकलं तर चालेल का."

"चालेल," थोरले म्हणाले. आवाज थोडा चिरकला, पण चाल बिघडली नाही. सिग्नल हिरवा व्हायची वाट बघताना त्यांनी समोरच्या काचेत स्वतःला बघितलं आणि हनुवटी किंचित वर केली. तत्त्वाचा माणूस. रस्ता ओलांडताना त्यांनी एका अनोळखी म्हाताऱ्याला आधी जाऊ दिलं.

घरी बायको दोरीवरच्या चादरी काढत होती. तिने एका चादरीची दोन टोकं त्यांच्या हातात दिली आणि आपली दोन धरून मागे सरकली.

"केली सही त्याने?"

"करत होता. मी करू दिली नाही."

"म्हणजे तुमचं नाव..."

"फुलं लावतायत तिथे." थोरले चादर ताणून धरत म्हणाले. "नाव काय, आज आहे उद्या नाही. काही गोष्टी नावाच्या वर असतात."

बायकोने टोकं हातात धरूनच त्यांच्याकडे नीट बघितलं. मग चादर झटकली. झटका थोरल्यांच्या मनगटापर्यंत आला.

"काय म्हणाला तो? खरं सांगा."

थोरल्यांनी सांगायचं नाही असं ठरवलं होतं. पण दोन पावलं पुढे येऊन चादरीची पहिली घडी पडेपर्यंतच त्यांना दम निघाला.

"म्हणाला, मला तुमचा हेवा वाटतो," ते शक्य तितक्या सहज म्हणाले. "स्वतःहून म्हणाला. दोनदा."

"अच्छा, ते होय." बायकोने त्यांच्या हातातली टोकं घेऊन आपल्या टोकांना जुळवली. "ते तो म्हणतो हो. मला म्हणाला होता, ताई, तुमच्या शांतपणाचा हेवा वाटतो. बाबांना म्हणाला, तुमच्या झोपेचा. चांगला आहे बिचारा, मनापासून म्हणतो. आईला तर येता-जाता म्हणत असतो."

ती पुढची चादर काढायला वळली. थोरले हात तसेच पुढे धरून उभे होते, त्यात काहीच नव्हतं.

"आईंना?" ते म्हणाले. "येता-जाता?"